सात नंबरची बाटली

२ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझी आई म्हणते, "हातात फोन असून कागद कसले शोधताय?" पण फोनवर मी "जेवलीस का" च्या पुढे जात नाही आणि तू "हो" च्या पुढे येत नाहीस. मग दोघंही फोन कानाला लावून आपापली भिंत बघत बसतो. त्यापेक्षा हे बरं.

आधी कामाचं. राहिलेल्या विषयांचे फॉर्म सुटलेत, शेवटची तारीख एकतीस मार्च. तुझं फक्त रसायनाचं प्रॅक्टिकल राहिलंय. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. यंदा फॉर्म गेला नाही तर तीन वर्षांचा सगळा अभ्यासक्रम रद्द धरतात आणि पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागतो. आत्या सांगत होती, तू म्हणालीस की रसायनाला पुन्हा हात लावणार नाही, चष्म्याच्या दुकानात काचांच्या कडा घासतेस त्यातच बरं आहे. काम कुठलंही वाईट नसतं. पण तुला रक्ता-लघवीच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत जायचं होतं, हे मी विसरलेलो नाही.

काल आमच्या प्रयोगशाळेत मी विभागप्रमुख मॅडमना विचारलं, "मॅडम, एखाद्याचा विषय सुटतच नसेल तर त्यानं काय करावं?" तुझं नाव घेतलं नाही. त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी लपवणं बंद करावं. अर्धी मुलं अभ्यासानं नाही, लपवण्यानं नापास होतात. पहिल्या चाचणीत दहा पडले की आठवडाभर तोंड चुकवतात, मग महिनाभर. मग मला एकदम परीक्षेच्या दिवशी दर्शन देतात."

मग पेन ठेवून नीट सांगितलं. काय येत नाही ते एका ओळीत लिहून शिक्षकाकडे जावं. "सगळंच येत नाही" म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. ज्याला येतं त्याच्याजवळ बसावं, आणि आपल्याला जे थोडं आलंय ते दुसऱ्याला शिकवून बघावं, म्हणजे भोकं कुठं आहेत ते कळतं. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी झोपावं. मी हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, तोच कागद सोबत घातलाय.

तू तेवढा फॉर्म भर. मी सही करून इथून जमा करीन. गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, पाटीवरचं पुसलं की पाटी नवी. तशी नवी पाटी समज.

आई वाचून म्हणाली, "बापाचं पत्र आहे की सूचनाफलक?" तिचं ऐकू नकोस.

तुझा,
बाबा

११ मार्च

चि. मुंगी,

आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, तुझं पत्र तिनं वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, आत्या, यातलं मी काय केलं नव्हतं? मी म्हटलं, अगं, बापाचं मन असतं. तर म्हणते कशी, त्यांचं मन मला माहितीये, त्यांनाच माझे डोळे माहीत नाहीत."



खरंच, तू काय केलं नव्हतंस? पहिल्या खेपेला लेखी पेपरात चौदा पडले तेव्हा तीन आठवडे गुणपत्रक उशीच्या अभ्र्यात होतं. मान्य. पण मग तूच ते काढून मॅडमच्या खोलीत गेलीस. मी दाराबाहेर काचेची भांडी घेऊन उभा होतो, आत यायला धजलो नाही. तू म्हणालीस, "मॅडम, मला गट पाठ होत नाहीत. कुठला धातू कुठल्या गटात, सगळं एकात एक मिसळतं." आणि मॅडम म्हणाल्या, "पाठ करू नकोस, हातानं कर." त्यानंतर दोन महिने रोज चार ते पाच तू प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर होतीस. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, बर्नरच्या ज्योतीत धरायची, ज्योतीला कसलाच रंग येईनासा झाला की तार साफ. मग त्या तारेवर चिमूटभर भुकटी घेऊन पुन्हा ज्योतीत. एकदा तू वळून म्हणालीस, "बाबा, बघा ना, हा वीटकरी आणि हा लाल. आधी मला एकच वाटायचा." मी "हं" म्हणालो आणि फरशी पुसत राहिलो. लेखीत तू बावन्न मिळवलेस. तेव्हाही मी "हं" च म्हणालो असेन.

आणि मग प्रॅक्टिकलची सकाळ.

तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहितो, कारण ते मी माझ्या हातानं कधी लिहिलेलं नाही. कुठल्या नंबरच्या बाटलीत कुठला क्षार ते मॅडम आणि बाहेरचे परीक्षक ठरवतात. ती यादी माझ्याकडे येते आणि आदल्या दिवशी मी बाटल्या भरतो. विद्यार्थी चिठ्ठी उचलतो, त्या नंबरची बाटली त्याची, आत काय आहे ते त्यानं ओळखायचं. सव्वीस वर्षं ती यादी माझ्या टेबलावर येते आणि सव्वीस वर्षं माझं तोंड बंद होतं. हा माझा अभिमान होता. देवापुढे डोळे मिटून बसलो की हाच एक हिशेब मी त्याला ताठ मानेनं देत असे.

तू सात नंबर उचललास. नळाशी भांडी धुवायला आलीस तेव्हा मी शेजारी उभा राहून पाण्याच्या आवाजात म्हणालो, "सात म्हणजे स्ट्रॉन्शियम. लाल ज्योत."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "बाबा, नका ना," म्हणालीस. "मला करू द्या."

आणि परीक्षानळी उपडी करून निघून गेलीस. मला राग आला होता. पोटची पोर, जिला वाचवायला मी सव्वीस वर्षांचं मोडलं, ती पाठ फिरवते म्हणजे काय!

तू "बेरियम" लिहिलंस, ज्याची ज्योत हिरवी, आणि पन्नासात नऊ पडले. निकालाच्या दिवशी मी ओरडलो, ते शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं असेल. "बाप कानात सांगतोय तर ऐकायचं सोडून शहाणपणा कुणाला दाखवायचा होता?" तू एवढंच म्हणत राहिलीस, "मला हिरवी दिसली." मी म्हणालो, "तार घाण असेल. नाहीतर डोळे तपासून घे." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "नापास काय, होतं माणूस. डोळ्यांवर कशाला जाता?" ती म्हणाली.

या पत्राबरोबर काही कागद घातलेला नाही. लिहायला बसलं की हात आपोआप तुझ्या चुकांकडे वळतो. आज त्याला धरून माझ्याकडे वळवत होतो, त्यातच दोन तास गेले.

बाबा

१९ मार्च

मुंगी,

बाटलीत बेरियमच होतं.

हे वाक्य मी चार वेळा वेगवेगळ्या प्रकारे लिहून फाडलं. आधी थोडी प्रस्तावना होती, मग गुरुजींचं एक वचन होतं. आई म्हणाली, "कागदाचा कारखाना काढलाय का?" म्हणून आता प्रस्तावना नाही. तू बरोबर होतीस. ज्योत हिरवी होती, तुला हिरवी दिसली, तू हिरवी लिहिलीस.

चूक माझी, आणि ती अशी. आम्लाच्या वाफांनी बरण्यांवरचे कागद उडतात, अक्षर पुसट होतं. म्हणून फार वर्षांपूर्वी मी स्वतःची एक पद्धत काढली. नाव झाकणावर जाड पेनानं लिहायचं. खालचा कप्पा ओढला की वरून सगळी नावं दिसतात, बरणी उचलून फिरवावी लागत नाही. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कप्प्यात धूळ दिसली म्हणून मी दोन बरण्या बाहेर काढल्या, झाकणं उघडली, काठ पुसले. दोन्हींत पांढरी भुकटी, दोन्ही बरण्या एकाच मापाच्या. तेवढ्यात रेकॉर्डवाले तात्या दारात येऊन बोलत बसले. बोलता बोलता मी झाकणं लावली. याचं त्याला आणि त्याचं याला. मग स्ट्रॉन्शियमच्या झाकणाखालून बेरियम काढून सात नंबरची बाटली भरली. यादीत सातपुढे स्ट्रॉन्शियम, परीक्षकांच्या हातात यादी. बाटलीत दुसरंच काही असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? तू "सर, मी पुन्हा करून दाखवू का?" असं विचारलंस, तेव्हा ते घड्याळ बघून म्हणाले, "वायर क्लीन करत नाही तुम्ही लोक." मी तिथंच उभा होतो, हातात कापूस.

हे मला सप्टेंबरात कळलं. तू जाऊन चार महिने झाले होते. नव्या वर्गाची प्रॅक्टिकलं सुरू झाली आणि एका मुलीच्या ज्योतीवरून माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळे गेल्यावर मी दोन्ही बरण्यांतली चिमूट चिमूट जाळून बघितली. मग झाकणं बदलून जागच्या जागी लावली, कपाट बंद केलं, किल्ली खुंटीला अडकवली.

आणि गप्प बसलो. का, ते लिहितो. बरणी चुकली असं म्हणालो असतो तर विचारलं असतं, तुम्ही शोधायला का गेलात? तुमच्या पोरीचा नंबर कुठला होता? त्या धाग्यानं ओढत गेलं की नळापर्यंत जातंच. पुढच्या वर्षी वरच्या जागेसाठी माझं नाव जायचं होतं, तेही मनात होतं. नव्हतं असं म्हणणार नाही.

परवा तात्या आले. तुला आठवतात ना, मला "महाराज" म्हणून चिडवतात ते. "काय महाराज, नामस्मरण झालं असेल तर हात चालवा. एकतीसला गाडी येणार, मागच्या वर्षीचे सगळे पेपर लगद्याला. तुमच्या विभागाचे गठ्ठे तुम्ही बांधायचे." उत्तरपत्रिका एक वर्ष ठेवतात. ते वर्ष भरत आलंय.

तुझी उत्तरपत्रिका तिसऱ्या गठ्ठ्यात होती. ते तिरकं अक्षर मी चालत्या गाडीतून ओळखीन. तू लिहिलंय: "ज्योत: हिरवी, सफरचंदासारखी. तार साफ करून पुन्हा: तीच. तार बदलून पुन्हा: तीच." त्यावर लाल पेनाची भली मोठी फुली.

तीनदा बघितलंस, मुंगी. मी सांगितलेलं कानात असूनही तीनदा बघितलंस.

मी मूर्खासारखा तुला फॉर्म भर, फॉर्म भर म्हणत होतो. तू पुन्हा परीक्षा दिलीस, पास झालीस, की माझं काही सांगायचं राहणारच नाही असा तो डाव होता. मला वाटतं लिहिताना मलाही तो पुरता कळला नव्हता.

उद्या मॅडमकडे जातो.

बाबा

२६ मार्च

मुंगी,

उद्या म्हणालो होतो, गेलो पाच दिवसांनी.

पहिल्या दिवशी मॅडम सुट्टीवर होत्या. बाकी चार दिवस त्या होत्या. मी तीन वेळा दारापर्यंत जाऊन "मॅडम, बर्नरची नळी बदलायची आहे" असं काहीबाही बोलून परत आलो. तात्यांनी मला गठ्ठा सोडून बसलेलं बघितलं आणि कागदावरचं नाव वाचलं. दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला "महाराज" म्हटलं नाही. "हे बघा, आठवड्यानं याचा लगदा होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी तिकडे कामाला लागलीये ना? मग?" चांगुलपणानंच म्हणाले. आणि खरं सांगतो, मी गठ्ठ्याला दोरी बांधली. दोन गाठी मारल्या.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तर एक शब्द आठवेना. एरवी तोंडपाठ असलेलं. आई म्हणाली, "काय झालंय, बोलाल का? सकाळपासून घास फिरतोय तोंडात." तिला सांगितलं. लिहायला लाज वाटते, पण आईलाही त्या दिवशीच पहिल्यांदा सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "तिच्या डोळ्यांवर गेलात तेव्हाच मला कळायला हवं होतं, चूक करणारा माणूस असाच दुसऱ्याच्या अंगावर जातो." आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी गाठी सोडल्या आणि गठ्ठा घेऊनच मॅडमच्या खोलीत गेलो.

बरणीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "झाकणं आता कशी आहेत?"

"मी बदलून ठेवली."

"म्हणजे पुरावाही तुम्हीच पुसलात. एक वर्षानं बाप येतो आणि म्हणतो बरणीच चुकली होती. कोण मानेल? मी तुम्हाला वीस वर्षं ओळखते, तरी मलाच जड जातंय."

"म्हणूनच अजून एक सांगायचंय," मी म्हणालो आणि नळाचं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही नंबर फोडलात?"

"हो."

"आणि ती?"

"तिनं पाठ फिरवली."

"म्हणजे तुमचं ऐकून स्ट्रॉन्शियम लिहिलं असतं तर…"

"पास झाली असती."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. हे कोणालाच माहीत नव्हतं."

"मला आणि तिला माहीत होतं, मॅडम. आणि उत्तर माहीत असताना तिनं वेगळं लिहिलं ते का, हे दुसऱ्या कशानं सांगू?"

मग त्यांनी यादी काढली. बेरियम कुणापुढेच नव्हतं, पण एकोणीस नंबरपुढेही स्ट्रॉन्शियमच होतं. म्हणजे त्याच बरणीतली भुकटी. आम्ही दोघांनी गठ्ठ्यातून एकोणीसची उत्तरपत्रिका शोधली. त्या मुलाला पंचेचाळीस होते. मॅडमनी ते पान उजेडात धरलं आणि माझ्या हातात दिलं. निरीक्षणाच्या रकान्यात त्यानं आधी "हिरवी" लिहिलं होतं. ते गिरगटून वर "लाल" केलं होतं. तो त्या सकाळी काडेपेटी मागायला माझ्या टेबलाशी आला होता, हे मला तेव्हा आठवलं. तुझा नंबर बघायला मी उघडलेली यादी तशीच पडली होती.

मॅडम म्हणाल्या, "एवढ्या वर्गात एका पोरीनं दिसलं ते लिहिलं, आणि आपण तिलाच नापास केलं." "आपण" म्हणाल्या. मला "तुम्ही" चाललं असतं.

दोन्ही उत्तरपत्रिका त्यांनी मोहोरबंद केल्या. माझा जबाब मी तिथंच बसून लिहिला. आठ एप्रिलला प्राचार्यांपुढे समिती बसेल, तुला बोलावणं येईल. फॉर्मचा विचार सोड, मॅडमनी तुझा विषय समितीचा निर्णय होईपर्यंत थांबवून ठेवलाय, आता एकतीस तारखेची भीती नाही.

तुझ्याकडे एकच मागतो. ये. आणि तुला विचारतील, वडील काही बोलले होते का? तेव्हा मला वाचवू नकोस. तू वाचवशील अशी मला आशा आहे असंही नाही. पण पोरींच्या जातीचं सांगता येत नाही, ऐन वेळी बापाची दया येते. ती येऊ देऊ नकोस.

बाबा

१६ एप्रिल

मुंगी,

तुझा निकाल दुरुस्त झाला. काल सूचनाफलकावर कागद लागला. प्रॅक्टिकलला पन्नासात त्रेचाळीस. सात गुण कशाचे गेले ते मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तोंडी परीक्षेतले. ते तिचे स्वतःचे गेलेत, त्यात तुमचा हात नाही." प्रमाणपत्र पुढच्या महिन्यात तुझ्याच हातात देणार आहेत, माझ्या नाही. ते योग्य आहे. एकोणीस नंबरच्या मुलाला पुन्हा प्रॅक्टिकल द्यावं लागेल. त्याचंही पाप माझ्याच यादीचं आहे.

माझ्या सेवापुस्तकात ठपका लागला. प्रयोगशाळेतून काढून मला इमारतीच्या मागच्या भांडारात दिलंय, बाकं आणि मोडक्या खुर्च्या मोजायला. वरच्या जागेचा विषय संपला. किल्ल्या सोमवारी दिल्या. नवीन माणूस तरुण आहे, त्याला सांगितलं, नाव बरणीच्या अंगावर लिही, झाकणावर नको. त्यानं "हो काका" म्हटलं, जसं मीही कधीकाळी कोणाला म्हटलं असेन.

आता आठ तारखेचं.

तू येशील की नाही हे मला दारात आत्या दिसेपर्यंत माहीत नव्हतं. तू बारीक झालीयेस. बोटांना काचेच्या कडांचे चरे आहेत. तुला विचारलं तेव्हा तू सरळ म्हणालीस, "हो, बाबांनी नळापाशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." प्राचार्यांनी विचारलं, "का ऐकलं नाहीस?" तू म्हणालीस, "मला शिकायला दोन महिने लागले होते. ते मला करून बघायचं होतं." मॅडमनी खाली मान घालून काहीतरी लिहायचं सोंग केलं. मी बघितलं, कागद कोरा होता.

मग प्राचार्य माझ्याकडे वळले. "जबाबात तुम्ही 'नंतर लक्षात आलं' असं लिहिलंय. नंतर म्हणजे केव्हा?"

तोंडात सप्टेंबर तयार होता. तुला पत्रात लिहिलेला. नव्या वर्गाची मुलगी, तिची ज्योत, सगळं रचून ठेवलेलं. तू समोर बसली होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस.

"तीस एप्रिल," मी म्हणालो.

निकाल लागून बारा दिवस झाले होते. सप्टेंबरात कुठली ज्योत नव्हती आणि मनात पाल चुकचुकली नव्हती. तू "मला हिरवी दिसली" म्हणालीस ते कानातून जाईना, म्हणून मी सुट्टीत प्रयोगशाळा उघडून मुद्दाम बघायला गेलो होतो. तारेवर चिमूट घेतली, ज्योतीत धरली. हिरवी. मी घरी आलो तेव्हा तू मोरीत कपडे धूत होतीस.

तू चौदा मेला गेलीस. म्हणजे चौदा दिवस मला माहीत होतं आणि तू घरात होतीस. चौदा दिवस आपण एका पंगतीला जेवलो. तू एकदा म्हणालीसही, "बाबा, माझे डोळे खरंच तपासून घेऊ का?" आणि मी म्हणालो, "घे."

हे मला त्या पत्रात लिहायला हवं होतं. सगळं कबूल करतोय असं म्हणत म्हणत मी तेवढं एक वगळलं, कारण बाकीची चूक होती आणि ही चूक नव्हती.

बाहेर व्हरांड्यात तू थांबलीस. आत्या पुढे गेली. तू म्हणालीस, "पत्रात सप्टेंबर लिहिला होतात." मी मान हलवली. मग म्हणालीस, "मी निघाले त्या दिवशी माझी पेटी तुम्ही उचलून बसमध्ये ठेवलीत. खिडकीखाली बस सुटेपर्यंत उभे होतात. तुमचे ओठ हलत होते. मला वाटलं, माझ्यासाठी देवाला काही म्हणताय. वर्षभर मी तेवढंच धरून होते. काय म्हणत होतात?"

मला सांगता आलं नाही. तू आत्याच्या मागे निघून गेलीस.

देवाचंच नाव घेत होतो, मुंगी. "ज्योत हिरवीच होती" हे वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बाहेर पडू नये, म्हणून घेत होतो.

बाबा